आधी ऊठबस मोजा, मग राइड निवडा

प्रश्न : माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. दोन्ही गुडघे झिजलेले. काठी घेऊन तीस-चाळीस पावलं चालतात, पण पाच मिनिटांच्या वर उभं राहवत नाही. पुढच्या महिन्यात आम्ही सहाजण दोन दिवस एका मोठ्या थीम पार्कला जाणार आहोत. मुलं ७ आणि ११ वर्षांची आहेत. सासूबाईंसाठी मोबिलिटी स्कूटर (चालायला त्रास असलेल्यांसाठीची, बॅटरीवर चालणारी तीन किंवा चार चाकांची बसायची गाडी) भाड्याने घ्यायचं ठरवलंय, पण त्यांनी ती कधी चालवलेली नाही. रेस्टॉरंटमध्ये स्कूटर आत नेता येते का, टेबलाशी बसायचं कसं, राइडच्या वेळी स्कूटरचं काय करायचं, काहीच कळत नाही. त्यांचं एकच पालुपद : "मी बाहेर सावलीत बसते, तुम्ही या जाऊन." तेच आम्हाला नकोय.

उत्तर : सावलीत बसायची वेळ दिवसातून दोन-तीनदा येईल, त्याहून जास्त नाही. तीस-चाळीस पावलं आणि आधाराने उभं राहता येणं, एवढ्या भांडवलावर बराच मोठा पार्क पाहून होतो.

स्कूटर चालवण्याची मात्र फार चिंता करू नका. अर्ध्या तासात हात बसतो. माणूस दमतो तो ऊठबशीने. स्कूटरवरून उठून राइडमध्ये बसलात, ही एक. राइडमधून उठून परत स्कूटरवर, ही दुसरी. काही राइडना स्कूटर सोडून आधी व्हीलचेअर घ्यावी लागते आणि तिच्यावरून उठून राइडच्या सीटवर बसावं लागतं, तिथे जाता-येता मिळून चार होतात. अशा पाच राइड केल्या की वीस. त्यात दोन जेवणं, तीन-चार वेळा स्वच्छतागृह धरा. झिजलेल्या गुडघ्यांना दहा पावलं चालण्यापेक्षा खाली बसून उठणं जास्त जड जातं, आणि राइडच्या गाड्यांच्या बैठका घरातल्या खुर्चीपेक्षा बऱ्याचदा खाली असतात. म्हणून निघण्यापूर्वी घरीच पाहून घ्या : नेहमीच्या खुर्चीवरून (ती साधारण ४५ सेंटिमीटर उंच असते) सासूबाई दिवसभरात न दुखता किती वेळा उठतात, आणि त्याहून वीतभर खाली असलेल्या बैठकीवरून उठायला त्यांना हात द्यावा लागतो का. तो आकडा हाती आला की दिवसाचा बेत त्याच्यावर बेतायचा, पार्कच्या नकाशावर नाही.

आता स्कूटर. पार्कच्या दारात मिळणाऱ्या स्कूटर बहुतेक ठिकाणी जो आधी येईल त्याला मिळतात आणि पार्कबाहेर नेता येत नाहीत. मग पार्किंगपासून दारापर्यंतचं अंतर कसं कापणार, हा प्रश्न उरतोच. मुक्कामाच्या जागी आणून देणाऱ्या भाडेदाराकडून घेतलीत तर तो सुटतो, पण चार्जिंग तुमच्या गळ्यात पडतं. आमचं मत दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे, कारण मग आदल्या संध्याकाळी सराव करता येतो. गेटवर, मागे रांग खोळंबलेली असताना पहिल्यांदा स्कूटर चालवायला लावणं हा त्या बाईंवर अन्याय आहे.

तीनचाकी घ्यावी की चारचाकी? लहान तीनचाकी साधारण ८० ते ९० सेंटिमीटर त्रिज्येत वळते. त्याच मापाच्या चारचाकीला ११० ते १४० लागतात. रांगेचे कठडे आणि टेबलांमधली गल्ली यांत हा फरक चांगलाच जाणवतो. उलट वेगात वळलं किंवा उतारावर आडवं झालं तर तीनचाकी लवकर कलंडते. सासूबाई सावकाश चालवणाऱ्यांपैकी असतील तर तीनचाकी घ्या. घेताना वजनमर्यादा विचारा. प्रवासात न्यायच्या लहान मॉडेलना ती बहुधा ११५ ते १३५ किलोच्या आसपास असते आणि बास्केटमधलं सामानही त्यातच मोजायचं. सीटची उंची खालच्या पिनेने बदलते. तळवे पायपाटीवर पूर्ण टेकतील इतपत, पण जमेल तेवढी उंच ठेवा. उंच सीटवरून उठणं सोपं जातं.

चालवायला शिकवताना एवढंच सांगा. हँडलचा जो खांब असतो त्याला टिलर म्हणतात. बहुतेक मॉडेलमध्ये टिलरवरची उजवी पट्टी दाबली की स्कूटर पुढे जाते, डावी दाबली की मागे. वेगाच्या गोल कळीवर एका टोकाला कासव, दुसऱ्या टोकाला ससा. दोन्ही दिवस कळ कासवाकडेच राहू द्या. गर्दीचा वेग ताशी तीन-चार किलोमीटरच असतो. वेगळा ब्रेक शोधू नका. पट्टी सोडली की ब्रेक आपोआप लागतो. आणि गोची नेमकी इथेच होते. दचकलेला माणूस हातातलं काहीतरी घट्ट आवळतो, पट्टी आणखी दाबली जाते आणि स्कूटर पुढे उसळते. सायकल किंवा दुचाकी चालवलेल्यांचं असं हमखास होतं, कारण त्यांची बोटं ब्रेक आवळायला शिकलेली असतात. म्हणून सराव थांबण्याचा करून घ्या : "दचकलात की बोटं उघडा." मोकळ्या जागेत चालवायला लावा, मध्येच "थांबा!" म्हणा, आणि तळहात उघडेपर्यंत पुन्हा पुन्हा करा. मुलांना हा खेळ आवडेल. त्यांना ओरडू द्या.

दुसरा सराव उतरण्याचा. थांबायचं, चावी बंद, सीटखालचा खटका ओढून सीट बाजूला फिरवायची, ती टक् करून अडकली की दोन्ही तळवे जमिनीवर टेकवायचे, मग दोन्ही आर्मरेस्टवर सारखा भार देऊन उठायचं. टिलरला धरून उठायचं नाही. टिलर पुढेमागे झुकणारा असतो, भार पडला की हलतो. आणि चावी चालू राहिली असेल तर त्याला धरताना अंगठ्याखाली पट्टी दाबली जाते. ओढणीचं टोक किंवा पर्सचा पट्टासुद्धा तेवढं काम करतो. फिरवलेल्या सीटच्या कडेवर सगळा भार आला की तीनचाकी त्या बाजूला किंचित झुकते, तेव्हा पलीकडून कुणीतरी सीटच्या पाठीला हात देऊन उभं राहावं.

रेस्टॉरंटमध्ये स्कूटर आत जाते का? दार आणि वाट रुंद असेल तर जाते. लहान स्कूटरची रुंदी ५० ते ६० सेंटिमीटर असते. अमेरिकेच्या २०१० च्या सुगम्यता मानकांत ये-जा करायच्या वाटेची किमान रुंदी ९१५ मिलिमीटर आहे, यावरून अंदाज घ्या. पण आत गेल्यावर ती टेबलाशी लागत नाही, हे बहुतेकांना तिथे पोचल्यावर कळतं. व्हीलचेअर टेबलाखाली शिरते, कारण बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे काही नसतं. स्कूटरला पुढे टिलर आणि बास्केट. सरळ नेलीत तर टिलर टेबलाच्या कडेला टेकतो आणि ताट हातभर लांब राहतं. स्कूटर टेबलाला समांतर लावून सीट आत फिरवण्याची युक्ती कुणीतरी सुचवेल. पण स्कूटरची सीट जेवणाच्या खुर्चीपेक्षा उंच असते, मांड्या टेबलाच्या खालच्या कडेला घासतात, आणि तोवर स्कूटरने वाढप्यांची वाट अडवलेली असते.

सासूबाईंना उठता येतं, तेव्हा त्यांनी खुर्चीवरच बसावं. टेबल राखून ठेवताना एकाच दमात सांगा : स्कूटर येणार आहे, त्या खुर्चीवर बसणार आहेत, खुर्ची हातांची हवी, टेबल पायऱ्या न चढता गाठता येणारं आणि दाराच्या बाजूचं हवं. भिंतीलगतची सोफ्यासारखी बैठक दिली तर नको म्हणा. तिथे आडवं सरकत आत जावं लागतं, उठताना धरायला काही नसतं आणि टेबल जमिनीला खिळलेलं असतं. खुर्ची आधी ओढून ठेवा, स्कूटर तिच्या शेजारी अशी लावा की फिरवलेली सीट आणि खुर्ची यांत एक-दोन पावलांचंच अंतर राहील. त्या बसल्या की घरातल्या मोठ्या माणसाने स्कूटरवर बसून ती बाजूला न्यावी. शेजारून चालत, एका हाताने पट्टी दाबत स्कूटर न्यायची सवय वाईट. ती पुढे निघते, तुम्ही मागे राहता, आणि मध्ये कुणाचा तरी घोटा सापडतो. मुलांच्या हाती तर मुळीच नको.

बऱ्याच जागी स्कूटर बाहेर ओळीत लावायला सांगतात. भाड्याच्या स्कूटर एकसारख्या दिसतात आणि एका मॉडेलची चावी दुसऱ्या स्कूटरला लागते असंही होतं. चावी काढून घ्या, टिलरला भडक रंगाची रिबन बांधा, आणि बास्केटमध्ये औषधं, फोन, पाकीट ठेवू नका.

काउंटरवरून जेवण घ्यायचं असेल तर रांगेच्या नागमोडी कठड्यांत स्कूटर घालूच नका. सासूबाईंना आधी टेबलाशी बसवा, ऑर्डर दुसऱ्याने द्यावी. फोनवरून ऑर्डर देता येत असेल तर आणखी बरं. आणि मांडीवर ट्रे ठेवून स्कूटर चालवायची नाही, कितीही जवळ असलं तरी. वळताना टिलर मांडीवर येतो, ट्रे ढकलला जातो, आणि गरम पेय सांडलं की माणूस दचकतो. दचकल्यावर काय होतं ते वर सांगितलंच आहे. बुफे असेल तर ताट वाढून आणायला एक नातवंड नेमून टाका. दुपारी साडेअकराच्या आधी किंवा दोननंतर जेवलात तर टेबलांमधल्या गल्ल्या निम्म्या मोकळ्या मिळतील.

स्वच्छतागृहाचंही इथेच सांगतो. अपंगांसाठीच्या खोलीत व्हीलचेअर फिरावी एवढी जागा ठेवलेली असते. त्याच मानकांत ते वर्तुळ १५२५ मिलिमीटरचं आहे. व्हीलचेअर जागच्या जागी फिरते, स्कूटर तशी फिरत नाही. आत सरळ घातली की उलटं बाहेर येणं आलं. सासूबाईंनी दाराशी उतरून काठीने आठ-दहा पावलं आत जावं आणि स्कूटरजवळ कुणीतरी थांबावं.

राइडसाठी पार्कची अपंग अभ्यागतांसाठीची माहितीपुस्तिका आधीच उतरवून घ्या. नावं पार्कगणिक बदलतात, पण राइड चार गटांत पडतात. काही राइडमध्ये स्कूटरवर बसूनच राहता येतं. नाट्यगृहातले खेळ बहुधा यात येतात. काहींना स्कूटर सोडून साधी व्हीलचेअर घ्यावी लागते, ती मात्र थेट गाडीत किंवा बोटीत चढते. काहींना राइडच्या सीटवर सरकून बसावं लागतं. आणि काहींना थोडं चालता, पायऱ्या चढता-उतरता आलंच पाहिजे.

व्हीलचेअर चालते मग स्कूटर का नाही, यावर गेटवर वाद घालू नका. स्कूटर लांब असते, जागच्या जागी वळत नाही, जड असते आणि बोटीत किंवा गाडीत व्हीलचेअरसारखी जखडून ठेवता येत नाही. चौथ्या गटाचं कारण वेगळं आहे. राइड मध्येच बंद पडली तर लोकांना अरुंद पायवाटेने किंवा शिडीने खाली आणतात. बसायला अगदी सोपी दिसणारी राइड या एका कारणाने सासूबाईंसाठी बाद होऊ शकते. तिथे त्यांचे तीस-चाळीस पावलांचे हिशेब चालत नाहीत, पायऱ्या विचारा.

प्रत्येक राइडच्या दाराशी कर्मचाऱ्याला विचारायचं ते असं. स्कूटर कुठपर्यंत नेता येईल? तिथून सीटपर्यंत किती पावलं, किती पायऱ्या? गाडी पूर्ण थांबते का? आणि बाहेर कुठून पडायचं, तिथे स्कूटर कोण आणून ठेवणार? शेवटचा प्रश्न लोक विसरतात. चढायचा आणि उतरायचा फलाट पुष्कळदा वेगवेगळा असतो. राइड संपते, मागचे लोक घाईला आलेले असतात, सासूबाई काठी टेकून उभ्या आणि स्कूटर पलीकडच्या दाराशी. पाच मिनिटांच्या वर त्यांना उभं राहवत नाही, हे विसरू नका.

सरकत्या पट्ट्यावरून न थांबणाऱ्या गाडीत चढायच्या राइड असतात. काही ठिकाणी पट्टा हळू करतात किंवा थांबवतात, पण ते फलाटावर पोचल्यावर नाही, दाराशीच सांगायचं. उचलून बसवण्याची अपेक्षा कर्मचाऱ्यांकडून ठेवू नका. बहुतेक पार्कमध्ये त्यांना ती परवानगी नसते. हात देणारा माणूस तुमचाच हवा. मोठ्या राइडच्या दाराशी बरेचदा नमुन्याची सीट ठेवलेली असते. तिच्यात बसवून पाहा, आणि बसल्यावर पाहायचं ते गुडघ्यांकडे. रोलरकोस्टरच्या गाडीत पाय लांब करायला जागा नसते, लॅप बार (बसलेल्याला जागेवर धरून ठेवणारी दांडी) मांड्यांवर येतो, आणि वाकलेले गुडघे राइड संपेपर्यंत तसेच. नमुन्याच्या सीटमध्ये दोन मिनिटं बसून ठणका लागला तर ती राइड सोडा. बोटीत उतरताना एक पाऊल खाली, हलत्या तळावर पडतं. सासूबाईंचा बरा गुडघा कोणता ते ठरवा आणि उतरताना दुखरा पाय आधी खाली, चढताना बरा पाय आधी वर. मेरी-गो-राउंडमध्ये घोड्यांच्या मध्ये एखादा स्थिर बाक असतो, पण चबुतऱ्याची पायरी उंच निघू शकते.

व्हीलचेअर मध्ये आली की एक खबरदारी : दोन्ही चाकांचे ब्रेक लावा आणि पायपाट्या वर उचला. उठताना पाय पायपाटीत अडकून माणूस तोंडावर पडतो.

स्कूटर आहे म्हणून रांग चुकेल असं धरून चालू नका. नेहमीची रांग पुरेशी रुंद असेल तर बहुतेक मोठे पार्क तिथेच पाठवतात; वाटेत पायऱ्या असतील तर रांगेत न थांबता नंतर परत येण्याची ठरावीक वेळ देतात किंवा दुसऱ्या दाराने घेतात. रांगेत स्कूटर इंचाइंचाने सरकवावी लागते आणि पुढच्या अनोळखी माणसाच्या टाचा हमखास लागतात. म्हणून स्कूटरच्या पुढे तुमच्यापैकीच कुणीतरी राहा. टाच लागलीच तर घरातल्याची लागू दे.

रस्त्यावर तीन जागा सांभाळायच्या. ट्राम किंवा आगगाडीचे रूळ काटकोनात ओलांडा, तिरपं गेलात तर पुढचं छोटं चाक खोबणीत अडकतं. चढ-उतार सरळ रेषेत करा, उतारावर वळू नका. आणि पायरीएवढी का होईना, कड उडी मारून उतरायची नाही, रॅम्प शोधायचा.

बॅटरीच्या बाबतीत कागदावरच्या आकड्यावर जाऊ नका. लहान स्कूटरमध्ये बहुधा १२ व्होल्ट, १२ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या असतात. सांगितलेला १२-१५ किलोमीटरचा पल्ला सपाट रस्ता आणि हलका चालक धरून असतो. चढ, वजन आणि रांगेतलं थांबणं-निघणं यांत तो घटतो; दोन-तृतीयांश धरून चला. थांबलेल्या स्कूटरचा बॅटरीचा काटा फसवा असतो, कारण विसाव्याने व्होल्टेज थोडं वर येतं. चढावर चालू असताना काटा कुठे जातो, ते खरं. रात्री सहा-आठ तास, चार्जरचा दिवा हिरवा होईपर्यंत लावून ठेवा. जेवणाच्या पाऊण तासात फारसं काही भरत नाही.

"स्कूटर बंद पडली" म्हणून फोन करण्याआधी मागच्या चाकांजवळचा फ्रीव्हीलचा खटका पाहा. हाताने ढकलायला तो कुणीतरी उघडतं आणि लावायचं विसरतं. बहुतेक मॉडेल मग सुरूच होत नाहीत. उघड्या खटक्यात ब्रेकही नसतो, तेव्हा उतारावर तो कधीच उघडू नका. खटका ठीक असेल तर चावी एकदा बंद करून चालू करा, बराच वेळ उभी राहिली तर काही मॉडेल आपोआप झोपतात. मग बॅटरी नीट बसली आहे का आणि मागचं सर्किट ब्रेकरचं बटण बाहेर आलंय का, ते पाहा. पावसासाठी टिलरच्या डोक्यावर बसेल अशी प्लास्टिकची पिशवी आणि पाण्याच्या राइडनंतर सीटवर घालायला टॉवेल जवळ ठेवा.

आणि त्यांची ती सावली. ज्या राइड त्यांना जमणार नाहीत, तिथे सगळे एकदम आत जाऊ नका. लहानग्याला उंचीच्या अटीमुळे बाहेर थांबावं लागलं तर तो आजीजवळ, सोबत एक मोठं माणूस; मग मोठ्यांची अदलाबदल. कित्येक पार्क अशा वेळी दुसऱ्या पालकाला पुन्हा रांग लावायला लावत नाहीत, दाराशी विचारा. सासूबाईंना बाकावर उतरवू नका, स्कूटरवरच बसू द्या, चावी बंद करून. तेवढ्या दोन ऊठबशी वाचतात. आणि जागा निवडाल ती राइडच्या बाहेर पडायच्या दाराजवळची. म्हणजे मुलं धावत बाहेर येतील तेव्हा त्यांना त्या समोरच दिसतील, आणि तुम्हाला शोधत त्यांना गर्दीत स्कूटर घालावी लागणार नाही.